पडद्यावरच्या बाहुलीला ओढणी कोण शिवणार?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी रंग विचारते, मग भाव. गेल्या वर्षी सालेकसाच्या आमच्या दुकानात मात्र वेगळीच मागणी आली. भाची सुट्टीत आली होती. गादीवर बसून तिने मोबाइलच्या ब्राऊझरमध्ये एक खेळ उघडला होता आणि त्यात स्वतःची बाहुली तयार करीत होती. चेहरा मिळाला, डोळे मिळाले, सावळा रंगही मिळाला. कपड्यांच्या खान्यात शिरली आणि म्हणाली, "मामू, जीन्स ढीगभर आहेत, ओढणी एकही नाही."

दुकानात माल नसला की आपण सांगतो, परवा नागपूरहून मागवून देतो. हा माल कुठून मागवायचा? चौकशी करता करता समजले की हा माल गाठोड्यात बांधून मिळत नाही. कुणीतरी बसून तो काढावा लागतो. काढण्याची रीतही कापडवाल्याला किंवा शिंप्याला फार परकी नाही. म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय मांडतो आहे.

खेळणाऱ्याच्या वतीने पडद्यावर जे पात्र वावरते त्याला जगभर 'अवतार' म्हणतात. शब्द आपल्याच देशातला, संस्कृतमधला. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेतील काही काँप्युटर खेळांनी तो उचलला आणि आता इंग्रजी शब्द म्हणून तो आपल्याकडे परत आला आहे. फेसबुकने भारतात जून २०२० मध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपने डिसेंबर २०२२ मध्ये ही सोय दिली, तेव्हापासून वस्तू घरोघर ठाऊक झाली. आपल्याकडे तिचा एक फायदा विशेष आहे. मुलीचा फोटो इंटरनेटवर जाऊ नये असे अनेक घरांत वाटते. अवतार असला म्हणजे तिला चेहरा मिळतो आणि फोटोही द्यावा लागत नाही. पण मग तो अवतार तिच्यासारखा दिसायला हवा, नाही तर शेजारणीचे कपडे उसने घालून लग्नाला गेल्यासारखे होते.

थरावर थर

लाखो खेळणाऱ्यांसाठी लाखो चित्रे कुणी काढून ठेवीत नाही. चित्रकार भाग काढतो: चेहऱ्याचे आठ आकार, केसांचे वीस, डोळ्यांचे दहा, सदरे, चपला. प्रोग्राम हे भाग ठरलेल्या क्रमाने एकावर एक ठेवतो. पाश्चात्त्य पोलिसांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस संशयिताचा चेहरा जुळवण्यासाठी पारदर्शक पत्र्यांवर काढलेली नाके, भुवया आणि हनुवट्या वापरायला सुरुवात केली, तीच ही कल्पना. ब्राऊझरमध्ये पत्र्यांऐवजी प्रोग्रामच्या ओळी असतात, इतकाच फरक.

खरे तर सूचनांवरून चेहरा काढण्याचे काम मागावर त्याहून आधी झाले आहे. फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकारने १८०४ साली भोकांच्या पत्त्यांवर चालणारा माग बनवला. आपल्या कारीगरांच्या तोंडी आजही तो 'जकार्ड' आहे. १८३९ साली त्याच शहरात जकारचे स्वतःचे चित्र रेशमात विणले गेले आणि त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. गणिती चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती व ती तो पाहुण्यांना दाखवीत असे. काँप्युटरच्या इतिहासात बॅबेजचे नाव अगदी वरचे. भिवंडी-मालेगावच्या ज्या माणसाने जकार्डचे पत्ते बांधले आहेत, त्याला अवताराचा प्रोग्राम समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

क्रम ही या कामातील सर्वांत नाजूक बाब आहे. वाचायला सोपे वाटते: आधी शरीर, मग कपडे, मग चेहरा, मग केस. पण लांब केस घ्या. अर्धे पाठीमागे आहेत, अर्धे कपाळावर. म्हणजे केसांचा एक आकार काढायचा तर दोन चित्रे हवीत. पाठीमागचे सर्वांत आधी ठेवायचे, पुढचे सर्वांत शेवटी.

दाढीचे पाहा. चित्रकाराने दाढी चेहऱ्याबरोबर काढली आणि सदरा नंतर ठेवला, की कॉलर दाढी कापते. हनुवटीखाली सरळ रेष मारल्यासारखे दिसते, जणू नाभिकाने घाईत काम उरकले. दाढी सदऱ्यानंतर यायला हवी. टोपीचे उलट आहे. टोपी केसांवर ठेवली तर फुगीर केस टोपीच्या बाजूंनी बाहेर पडतात, म्हणून टोपी निवडली की केसांचा दबलेला नमुना आपोआप यायला हवा.

ओढणीत तर हे सारेच प्रश्न एकत्र येतात. डोक्यावर ओढणी घेतली की केस झाकायचे, कान झाकायचे, कानातले झाकायचे, गळ्यातला हार अर्धा झाकायचा. नुसती ओढणी वर ठेवून भागत नाही. खालच्या प्रत्येक थराला सांगावे लागते की आता तू दिसायचे नाहीस. हे सांगितले नाही तर वेणीचे टोक ओढणीतून आरपार निघते. शिवाय ओढणीचा एक पदर पाठीवर आणि एक छातीवर, म्हणजे पुन्हा दोन चित्रे. बुरख्याचे काम त्या मानाने सोपे, कारण तो बहुतेक थर एकदम झाकतो. साडीला मी सर्वांत कठीण माल म्हणेन. निऱ्या पुढे, पदर छातीवरून डाव्या खांद्यावर जातो आणि तिथून पाठीवर उतरतो. ब्लाऊज काही ठिकाणी साडीखाली तर काही ठिकाणी उघडा, हात पदराच्या पुढेही येतो आणि मागेही जातो. नीट दिसायला किमान चार तुकडे हवेत. जीन्स-टीशर्टला दोन पुरतात. परदेशी कपाटात ओढणी का नसते, याचे निम्मे उत्तर इथे आहे. मनात खोट असतेच असे नाही. मेहनत जास्त लागते आणि मागणी करणारा समोर नसतो.

बी, शेड कार्ड आणि मापे

ब्राऊझरमध्ये चित्र काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक कॅनव्हास, ती ॲपल कंपनीने २००४ साली आणली. तिच्यात रंग लागला की ब्राऊझर भाग विसरतो, त्याच्या लेखी उरतात फक्त ठिपके. सदरा बदलायचा तर पाटी पुसून पुन्हा काढायचे. दुसरी एसव्हीजी, तिचा नियम २००१ साली ठरला. तिच्यात रेषांचे वर्णन जपून राहते, जसा शिंप्याकडे कागदी खाका राहतो. सदऱ्याला नाव असते आणि त्याचा रंग एका शब्दाने बदलतो. एकच बाहुली सजवायची तर दुसरी पद्धत सोयीची. पण मैदानात शंभर खेळाडू धावत असतील तर शंभर खाके सांभाळताना साधा मोबाइल धापा टाकतो. म्हणून जाणकार लोक बाहुली एसव्हीजीत सजवतात, तयार झाली की तिचे एकदा चित्र करून ठेवतात आणि खेळात ते चित्रच फिरवतात.

यादृच्छिक बाहुली म्हणजे फासे टाकून जुळवलेली. इंग्रजीत त्या फाशांच्या मूळ आकड्याला बी म्हणतात, आणि आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे समजावणे सोपे आहे. एकच बी दिले की दर वेळी तीच बाहुली उगवते. मग चित्र साठवावे लागत नाही. दहा-बारा अक्षरांचा संकेत साठवला की पुरे. एक अडचण मात्र नवशिक्यांना हमखास येते. ब्राऊझरच्या जावास्क्रिप्ट भाषेत जे तयार फासे आहेत, त्यांना बी देण्याची सोयच नाही. आज दिसलेली बाहुली उद्या दिसत नाही. त्यासाठी फाशांचा छोटा प्रोग्राम स्वतः लिहावा लागतो.

रंगाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण आयुष्य शेड कार्ड चाळण्यात गेले. प्रत्येक रंगाला तीन छटा लागतात: मूळ, सावलीची आणि उजेडाची. कपड्याचा रंग बदलला की तिन्ही एकदम बदलायला हव्यात. गोऱ्या कातडीवर जी सावली शोभते तीच सावळ्या रंगावर नुसती काळी मिसळून केली, तर चेहरा राखेसारखा दिसतो. सावळ्या रंगाची सावली तांबूस घ्यावी लागते. काळ्या रेषेत काढलेले नाक-ओठ गडद चेहऱ्यावर बुडून जातात, त्यासाठी रेषेचा रंगही चेहऱ्याप्रमाणे बदलावा लागतो. मोबाइलमधील इमोजींना २०१५ साली कातडीच्या पाच छटा मिळाल्या. त्या फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाच्या मोजपट्टीवरून घेतल्या आहेत. ही पट्टी १९७५ साली तयार झाली ती कोणती कातडी उन्हात किती भाजते हे पाहण्यासाठी. आमच्याकडे नुसत्या बदामी रंगाच्या पाचाहून जास्त छटा गिऱ्हाईक उलटून पाहते.

आता मापे. एका शरीरावर दहा कपडे काढले. शरीरे तीन केली तर कपडे तीस. उभे, चालते, बसलेले आणि मागून दिसणारे अशा चार ढंगांत हवे असतील तर चित्रे एकशे वीस. नवीन माणूस इथेच बुडतो. ग्राहकाला हौसेने "सडपातळ, मध्यम, भरलेला" असे तीन बांधे देऊन बसतो आणि मग प्रत्येक कुर्ता बारा वेळा काढतो. उपाय शिंप्याचाच आहे. खांदा, कंबर, घेर असे बिंदू ठरवायचे आणि कुर्त्याची रेष त्या बिंदूंना बांधायची. खांदा रुंद झाला की रेष आपोआप सरकते. या वक्र रेषांचे गणित १९६० च्या दशकात रेनॉ मोटार कंपनीतील इंजिनिअर पिएर बेझिए याने मोटारीचे पत्रे आखण्यासाठी रूढ केले.

भागांच्या गुणाकाराने आकडे डोळे दिपवणारे होतात. सहा जागा आणि प्रत्येक जागी ४८ नमुने असले तर बाहुल्या होतात १,२२३ कोटींहून अधिक. जाहिरातीत असे आकडे दिसले की वाचकांनी घाई करू नये. एकाच फुलाची नक्षी जवळ-लांब करून दोनशे तागे रचले तरी गिऱ्हाईक दहाव्या ताग्याला म्हणते, "दुसरे दाखवा." नजर गुणाकार करीत नाही. तिला आकार, केस आणि कपड्याची ठेवण एवढेच दिसते, विशेषतः बाहुली बोटाच्या पेराएवढी असते तेव्हा. एक नवा भुवईचा नमुना घातला तर हिशेबात कोट्यवधी वाढतात आणि दिसण्यात काहीच वाढत नाही. एक ओढणी घातली तर दिसण्यात फरक पडतो.

पैसा कुठे आहे

फिनलंडच्या एका कंपनीने २००० साली हॅबो हॉटेल नावाचा ब्राऊझरमधील खेळ काढला. त्यात ठिपक्यांच्या बाहुल्या खोल्यांत बसून गप्पा मारीत आणि मुले खोलीसाठी नकली फर्निचर खऱ्या पैशाने घेत. कोरियात त्याच सुमारास बाहुलीचे कपडे विकणे सुरू झाले. ते पाहून चीनच्या टेन्सेंटने २००३ साली 'क्यूक्यू शो' आणला आणि कपड्यांचा हा धंदा त्या कंपनीच्या सुरुवातीच्या कमाईत मोलाचा ठरला. आपल्याकडे मुंबईच्या गेम्स टू विन कंपनीने ब्राऊझरच्या खेळांवर बराच व्यवसाय केला आणि पुढे ती मोबाइलकडे वळली. त्या काळचे ब्राऊझरमधील बरेच खेळ फ्लॅश नावाच्या साधनावर उभे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबला आणि त्यावरचे असंख्य खेळ ब्राऊझरमधून गेले. एकाच गिरणीवर अवलंबून राहिलेल्या दुकानदाराला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

रोब्लॉक्स या अमेरिकन खेळमंचावर खेळणारेच कपडे काढून विकतात, खेळ बनवून लावतात. २०२३ या एका वर्षात कंपनीने अशा मंडळींना ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. त्यातला मोठा हिस्सा थोड्याच लोकांच्या हाती पडतो, हेही ध्यानात असावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१७ साली अमेरिकेत दोघा जणांनी प्रोग्रामकडून दहा हजार चेहरे काढून घेतले. प्रत्येक चेहरा २४ बाय २४ ठिपक्यांचा, म्हणजे विणकराच्या आलेखाच्या कागदावरचे ५७६ चौकोन. त्यांना क्रिप्टोपंक्स म्हणतात. मे २०२१ मध्ये त्यातील नऊ चेहरे लिलावात सुमारे एक कोटी ६९ लाख डॉलरला गेले. पुढच्याच वर्षी अशा चित्रांचा बाजार कोसळला. कारागिरी त्यात होती, पण भाव होता तो सट्ट्याचा. हा माझा निकाल आहे, कुणी असहमत असेल तर असो.

खेळांच्या बाबतीत कायद्याची रेषही आता ओढली गेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून जिंकण्याच्या खेळांवर त्यात बंदी आहे, मनोरंजनाचे खेळ व ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवले आहेत. बाहुलीचा कुर्ता ठरलेल्या किमतीला विकणे हा पैज लावण्याचा व्यवहार नव्हे. बंद पेटी विकून "आत काय निघेल ते नशीब" असे मुलांना सांगणे मला जुगाराच्या शेजारचे घर वाटते. आमच्या घरात तरी ते काम घ्यायचे नाही असे ठरले आहे.

घरातला अनुभव

भाची गोंदियाला काँप्युटरचे शिक्षण घेते. ओढणीच्या त्या दिवसानंतर तिने स्वतःच भाग काढायला सुरुवात केली: सलवार-कमीज, तीन तऱ्हेची ओढणी, कुर्ता-पायजमा, टोपी, नऊवारी, धोतर, लुंगी, शाळेचा गणवेश. मी दुकानातून कापड आणून टेबलावर पसरून द्यायचो. सुती ओढणी कशी उभी राहते आणि जॉर्जेटची कशी लोंबते हे पडद्यावर दोनच रेषांत दाखवायचे असते, आणि त्या दोन रेषा चुकल्या की सुतीची जॉर्जेट होते. आमचे खरे भांडण व्हायचे ते यावरून.

चार महिन्यांनी एका मोठ्या शहरातील पार्टीने काम विचारले. नमुना म्हणून चाळीस भाग मागवले. पोरीने हौसेने मूळ खाक्यांसह सगळे पाठवले. पुढे फोन उचलणे बंद झाले. मेहनताना आला नाही. कागद काहीच नव्हता. तिच्यापेक्षा चूक माझी, कारण मी तीस वर्षे बिल-चलनाशिवाय गाठोडे हलू दिले नाही आणि इथे माल दिसत नाही म्हणून गाफील राहिलो.

तेव्हा या धंद्यात मुले-मुली असलेल्या वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. नमुना पाठवायचा तो लहान आकाराच्या चित्राचा, मूळ खाका पैसे आल्यावर. अर्धी रक्कम आगाऊ. आणि हक्क कुणाचा ते लेखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी व सहीचे असल्याशिवाय ग्राह्य नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मोठ्या पार्टीचे करारपत्र बहुधा "सर्व जगभर, कायमचे" असे असते. तसे द्यायचे असेल तर भाव त्या हिशेबाने घ्यावा. इंटरनेटवर बाहुल्यांचे फुकट भागही पुष्कळ मिळतात. काही अगदी मोकळे असतात, काहींना मूळ चित्रकाराचे नाव द्यावे लागते, काही विक्रीच्या मालात वापरताच येत नाहीत. अट वाचल्याशिवाय उचलू नये. नेहमीचे डोळे-केस असे फुकट मिळत असताना त्यांचे कुणी पैसे देणार नाही. पैसे मिळाले तर जे फुकटच्या ढिगात नाही त्याचेच मिळतील.

आणि जे ढिगात नाही ते मागितल्याने येते, याचे एक उदाहरण आहे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या रयूफ अल्हुमेदी या पंधरा वर्षांच्या सौदी मुलीने २०१६ साली डोक्यावर रुमाल घेतलेल्या स्त्रीचा इमोजी असावा असा रीतसर प्रस्ताव युनिकोड संस्थेकडे पाठवला. २०१७ साली तो मंजूर होऊन मोबाइलमध्ये आला. साडीचा इमोजी त्यानंतर, २०१९ मध्ये.

सध्या भाची करवती काठावर अडली आहे. मोहाडी, आंधळगावच्या कोशाच्या साडीचा तो करवतीच्या दात्यांसारखा काठ. १९९९ साली आमचा गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि ती गावे भंडाऱ्यातच राहिली, पण ती साडी आमच्या भागात आजही आपलीच मानतात. सरळ काठ तिने दहा ओळींच्या प्रोग्रामात काढला: दात्याची रुंदी, उंची, मधली जागा. निऱ्यांवर मात्र काठ वळतो, दाते एका बाजूला दाटतात आणि दुसऱ्या बाजूला फाकतात. बाहुली लहान केली की सगळे मिळून तांबडी पट्टी दिसते. काल रात्री तिने विचारले की लहान आकारात किती दाते ठेवू. मी साडी भिंतीला लावून दुकानाच्या दारापर्यंत मागे गेलो आणि तिथून मोजले. पाच दिसत होते. तिने पाच ठेवले आहेत.